शपथ मोडली तर चालेल का?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की जवळचं कोणी जीव द्यायचं बोलत असेल तर आपण कितपत मधे पडावं, यावर तुमचे प्रश्न पाठवा. पत्रं आली, मेल आले, एकीने तर बारा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. त्यातली पाच घेतलीत, ओळख पटेल अशा गोष्टी बदलून. मी सरकारी हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून बरीच वर्षं काढली, डॉक्टर नाहीये, त्यामुळे गोळ्यांचं मला विचारू नका. आणि हे वाचताना तुमच्या स्वतःच्याच डोक्यात असे विचार चालू असतील तर आधी १४४१६ लावा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

ताई, मी पुण्यात एमपीएससी करतोय. रूममेट आणि मी एकाच अभ्यासिकेत बसतो, त्याचं यावेळी मेन्सला अगदी थोडक्यात गेलं. महिनाभर गप्प होता, मेसचा डबा अर्धा परत जायचा. मग एका रात्री म्हणाला की आता जगण्यात काही राहिलं नाही, मी ठरवत आलोय, पण कोणाला बोललास तर तुला आईची शपथ. आता दोन-तीन दिवस एकदम फ्रेश आहे, हसतो बोलतो, सगळ्या नोट्स ज्युनिअरला देऊन टाकल्या, मेसवाल्या काकूंची उधारीपण क्लिअर केली. मला वाटतंय सावरला. पण मलाच झोप नाही. घरी सांगितलं तर वडील येऊन गावी घेऊन जातील, त्याची इतक्या वर्षांची मेहनत वाया आणि माझ्यावरचा विश्वास कायमचा गेला. शपथ मोडू का?

मोड. आणि वाट बघू नको. (हा मेल वाचला त्याच दिवशी आम्ही या मुलाला फोन केला होता, उत्तर अंकात छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते प्रकरण नव्हतंच. मित्र आता उपचार घेतोय, हे त्याला विचारूनच सांगतेय. पुढचं बाकीच्यांसाठी.)

पहिली गोष्ट त्या "फ्रेश" असण्याची. महिनाभर बुडालेला माणूस एकाएकी हलका झाला, वस्तू वाटायला लागला, लोकांचे पैसे चुकते करायला लागला, तर तो बरा झाला असं धरून चालू नका. कधी कधी आतली ओढाताण संपलेली असते आणि ती चुकीच्या बाजूने संपलेली असते, म्हणून चेहरा शांत दिसतो. दरवेळी तसंच असेल असं नाही. पण अंदाज करत बसण्यापेक्षा विचारायचं, आणि सरळ विचारायचं: "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार आहे का अजून? कसं, कधी असं काही ठरवलंयस का?" लोक या प्रश्नाला घाबरतात की आपणच डोक्यात भरवू. नाही भरवत. संशोधनात हे परत परत तपासलं गेलंय, विचारल्याने विचार वाढत नाहीत, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं की चला, कोणीतरी बोललं.

आता शपथ. तू ती घेतलीस तेव्हा कशाची घेतोयस ते तुला माहीत नव्हतं, आणि अर्ध्या रात्री समोरचा रडत असताना कोणीही हो म्हणेल, त्यात तुझा काही गुन्हा नाही. पण मला वेगळंच म्हणायचंय. त्याला खरंच कोणालाच कळू द्यायचं नसतं तर तुलाही कळलं नसतं. तो बोलला. त्याच्यातल्या एका भागाने तुला सांगितलं आणि दुसऱ्या भागाने तुझं तोंड बंद केलं, आणि तुला आता या दोघांपैकी एकाची बाजू घ्यायचीच आहे, गप्प बसलास तरी ती बाजू घेणंच झालं.

पण शपथ मोडण्याच्याही दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे गुपचूप त्याच्या वडिलांना फोन लावायचा, ते रातोरात जीप करून येणार, अभ्यासिकेच्या जिन्यात तमाशा, आणि त्याला कळणार की तू सांगितलंस. दुसरी म्हणजे आधी त्यालाच सांगायचं. "मी हे एकट्याने पेलू शकत नाही. मी कोणालातरी सांगणार आहे, ते नक्की. कोणाला ते तू ठरव. दादाला करू फोन का ताईला? तुझ्यासमोरच करतो." सांगायचं की नाही हे त्याच्या हातातून तू काढून घेतोयस, बरोबर आहे, पण कोणाला, कुठे बसून, किती सांगायचं, हे तरी त्याच्याकडे राहू दे. जेवढं लागतं तेवढंच काढून घ्यायचं, त्याच्यावर एक पैसा जास्त नाही. वडील म्हणजेच दुखणं असेल, निकाल लागला की बोलणं बंद करणारे, तर पहिला फोन वडिलांना जायला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. मामा, बहीण, गावचे जुने सर, कोणीतरी असतंच.

आणि तो म्हणाला कोणालाच नको, चिडला, निघून जायला लागला, तर मग चॉइस संपला. तेव्हा एकटं सोडायचं नाही, रूमवर अजून एक जण बोलवायचा, त्याने जे काही ठरवलं असेल त्यासाठीच्या वस्तू तिथून हलवायच्या आणि जवळच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला न्यायचं, १०८ ला किंवा ११२ ला फोन करून. तेव्हा मैत्री राहील का वगैरे हिशोब नको. राहते बऱ्याचदा. नाही राहिली तर शिव्या द्यायला तो जिवंत असेल.

नमस्कार ताई. आमची चार एकर, यंदा सोयाबीनला भाव नाही, बँकेचं आणि सोसायटीचं दोन्ही थकलंय. मालक तीन महिन्यांपासून रात्रीचे उठून ओट्यावर बसतात, "माझ्यामागं तुम्ही सुटाल" असं दोनदा बोलले. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात मी येडा आहे का. दीर म्हणतात की चहातून झोपेची गोळी द्यायची आणि गाडीत घालून न्यायचं, किंवा लग्नाला चाललो म्हणून सांगायचं. माझं मन होत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. बरोबर काय?

वहिनी, तुमचं मन बरोबर सांगतंय.

चहातली गोळी तर मुळीच नको. एक तर ती कोणत्या डॉक्टरने लिहून दिलेली नाही, वरून दारू किंवा दुसरं औषध पोटात असेल तर जिवावर बेतू शकतं, आणि ते धरलं नाही तरी पुढचं बघा. माणूस हॉस्पिटलात जागा होतो, हळूहळू त्याला कळतं की घरच्या चहात काहीतरी होतं. त्यानंतर तो तुमच्या हातचं खात नाही. खरं सांगते, मी असे बघितलेत, वॉर्डात बायकोने आणलेला डबा आधी तिलाच दोन घास खायला लावायचे आणि मगच स्वतः जेवायचे. अहो ज्या घराच्या आधाराने त्याला बरं व्हायचंय त्या घरावरचाच विश्वास गेला तर डॉक्टर काय करणार. लग्नाची थापही त्यातलीच, फक्त गोळी नाही एवढंच.

अडवायचा हक्क तुम्हाला आहे. फसवायचा नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

मग करायचं काय. "येडा आहे का" म्हणणाऱ्या माणसाला झोप लागत नाही हे तर कबूल असतं ना? तिथून सुरू करा, ती खोटी सबब नाहीये, झोप उडणं हे खरंच त्या दुखण्याचं लक्षण आहे. तुमचा नेहमीचा गावचा डॉक्टर असेल त्याला आधी भेटून "माझ्यामागं सुटाल" हे वाक्य जसंच्या तसं सांगा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराची ओपीडी असते, केसपेपर काढायचा, बस्स. आणि फवारणीची औषधं आजच घराबाहेर, शेजारी कुलुपात, चावी तुमच्याकडे नाही तर शेजारच्यांकडे. हे त्यांच्या नकळत करायची गरज नाही. "मला भीती वाटते म्हणून हलवलं" असं तोंडावर सांगा. पुष्कळदा माणूस यावर चिडतो कमी आणि रडतो जास्त.

ते तरीही नाही म्हणाले आणि तुम्हाला दिसतंय की आज रात्र धोक्याची आहे, तर जबरदस्ती होते, आणि कायदा तिला वाट देतो, मोकळं रान देत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ८९ आहे. घरच्या माणसाने, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करायचा, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्यातले जाणकार, अशा दोघांनी वेगवेगळं तपासायचं, आणि दोघांनाही वाटलं की हा माणूस स्वतःला इजा करेल आणि दुसरा सौम्य मार्ग नाही, तरच ३० दिवसांपर्यंत भरती. भरती केल्याचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, पेशंट त्याविरुद्ध अर्ज करू शकतो. अगदीच तातडी असली तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. बांधून ठेवायला साखळी, तीही घरच्यांच्या हौसेने, हे आता चालत नाही, कायद्याने बंद आहे, गावात कोणी देवऋषाकडे बांधून ठेवा म्हणालं तर त्याला हे ऐकवा.

न्यायचंच झालं तर गाडीत बसवायच्या आधी सांगायचं: "तुम्ही नको म्हणताय, तरी आम्ही नेणार आहोत. कारण आम्हाला तुम्ही पाहिजे आहात." दिरांना हे अवघड जाईल, पुरुषमाणसाला थाप मारणं सोपं वाटतं. तरी त्यांनीच बोलावं.

आणि एक, कर्जाचा कागद. बँकेत पुनर्गठनाचं बोलायला कोण जाणार हे त्याच आठवड्यात ठरवा. नुसत्या गोळ्या देऊन माणसाला परत त्याच नोटिसीसमोर आणून बसवलं तर त्याला आपण अर्धंच अडवलं.

आपल्या सदरात एकच बाजू येते म्हणून लिहितोय. मी निवृत्त प्राध्यापक आहे. विनोबांनी पवनारला अन्न-औषध सोडलं तेव्हा आपण हात जोडले. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. मग तिशीतला एखादा माणूस मनाच्या यातनांनी थकून पुरे म्हणतो तर त्याला धरणारे आपण कोण? शरीराची वेदना खरी आणि मनाची खोटी?

सर, मनाची वेदना खरीच, किती खरी ते मी वॉर्डात बघितलंय. तिथे आपला वाद नाही.

पण तुमची उदाहरणं जुळत नाहीत. विनोबा ८७ वर्षांचे होते, हार्ट अटॅक येऊन गेलेला, आयुष्य जगून झालेलं, आणि सगळं उघड, सगळ्यांच्या देखत. २०१८ चा निकाल आहे तो बरं होण्याची आशा उरलेली नाही अशा पेशंटला यंत्रांवर लांबवत ठेवू नये याबद्दल. तिशीतल्या डिप्रेशनच्या माणसाला डॉक्टर असं सहसा म्हणत नाहीत की आता काही होण्यासारखं नाही. तो स्वतः म्हणतो. आणि ते म्हणणं त्या आजाराचंच असतं, हे आता असंच राहणार, कायम राहणार, ही खात्रीच मुळी त्या दुखण्यातून येते. म्हणजे निर्णय घेणारा आणि दुखणारा अवयव एकच आहे, पाय मोडल्यावर तसं होत नाही.

तुमच्या डोळ्यासमोर जो माणूस आहे, शांतपणे विचार करून ठरवलेला, तो मला वॉर्डात क्वचितच भेटला. भेटले ते शुद्धीवर आल्या आल्या विचारणारे की माझी गाडी कुठे लावलीय, आज हप्त्याची तारीख आहे ना, पोरीला शाळेतून कोणी आणलं. "ठरवलेला माणूस आज नाही तर उद्या करतोच" असं आपण सर्रास बोलतो, त्यावर एक जुना अभ्यास आहे, रिचर्ड सायडन यांचा, १९७८ चा. सॅन फ्रान्सिस्कोत ऐन वेळी अडवल्या गेलेल्या ५१५ लोकांचं पुढे काय झालं ते त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून शोधलं, तर जवळजवळ ९४ टक्के एकतर जिवंत होते नाहीतर नैसर्गिक कारणाने गेले होते. म्हणून मी म्हणते की अडवणारा त्याचा निर्णय हिसकावत नाही, पुढे ढकलतो, आणि ढकललेला निर्णय बहुतेक जण स्वतःच रद्द करतात. नेदरलँड्स, बेल्जियममध्ये मानसिक यातनांसाठीही इच्छामरणाची कायदेशीर वाट आहे, तुम्ही तेही लिहिलं असतंत तर चाललं असतं, पण तिथेही डॉक्टर एकापेक्षा जास्त, बाकी उपाय संपलेत का याची तपासणी, एका रात्रीत हो कोणी म्हणत नाही. मी तरी अजून एका रात्रीचंच बोलतेय.

तुमचं एक मात्र मान्य. धरून आणलं आणि मग ढुंकून बघितलं नाही, हे आपल्याकडे फार होतं, आणि तेवढ्यापुरतं "तुम्ही कोण?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. शिवाय सगळ्यावर मानसिक आजाराचा शिक्का मारायचीही गरज नाही. एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या २०२२ च्या आत्महत्यांच्या आकड्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर आहे, २२,७४६ माणसं, आणि देशभर पोलिसांनी नोंदवलेल्या कारणांत पहिलं आहे कौटुंबिक प्रश्न, जवळजवळ ३२ टक्के. मारझोड करणाऱ्या नवऱ्याच्या घरातून बाईला वाचवायचं आणि गोळ्या देऊन परत त्याच घरी सोडायचं याला मी उपचार म्हणत नाही.

मी शाळेत शिक्षिका आहे. शेजारच्या काकांना मदत करायला गेले आणि उद्या पोलीस स्टेशनला चकरा माराव्या लागल्या तर? आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा आहे ना?

होता. भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०९, एक वर्षापर्यंत कैद. आपल्या मुंबई हायकोर्टाने ते १९८६ मध्येच घटनाबाह्य ठरवलं होतं, अपघातानंतर मानसिक आजार झालेल्या एका पोलीस शिपायाच्या केसमध्ये, पण १९९६ ला सुप्रीम कोर्टाने कलम वैध ठरवलं आणि ते पुस्तकात राहिलं. मग २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ आलं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि शिक्षा नाही, उलट सरकारने उपचार द्यायचे. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात ३०९ राहिलंच नाही, फक्त सरकारी माणसावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं एक वेगळं कलम आहे, २२६.

प्रयत्न झालेला असेल तर हॉस्पिटलात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची कायदेशीर नोंद, होते, पोलीस जबाब घ्यायला येतात, तुम्हालाही दोन प्रश्न विचारतील. जे बघितलं ते सांगायचं. एवढ्यासाठी काकांचं दार वाजवायचं थांबू नका, मॅडम.

ताई मी २३ ची. सहा महिन्यांपूर्वी मला वाचवलं. मी थँकफुल आहे असं सगळ्यांना सांगते, आणि बऱ्याच दिवशी ते खरंही असतं. पण घरी बाथरूमची कडी काढून टाकलीय. आई दाराबाहेर स्टूल टाकून बसते आणि दर मिनिटाला हाक मारते. फोन बाबा चेक करतात. मैत्रिणी माझ्यासमोर हळू आवाजात बोलतात. डॉक्टर म्हणतात प्रोग्रेस चांगली आहे. मग हे कधी संपणार? मी चिडले की म्हणतात बघ, परत तसंच करायला लागली.

तू चिडतेस ते आजाराने नाही, कडी नाही म्हणून चिडतेस. मीही चिडले असते.

पहिले काही आठवडे ते बरोबर होतं, हॉस्पिटलातून घरी आल्यानंतरचा काळ खरंच नाजूक असतो आणि तेव्हा आईने स्टूल टाकला यात काही चुकलं नाही. चूक ही की तो उचलायचा कधी हे कोणी ठरवलंच नाही. तुझ्या घरी सगळं भीतीवर चाललंय आणि भीतीला शेवटची तारीख नसते, ती आपल्यालाच घालावी लागते.

पुढच्या व्हिजिटला आईबाबांना आत घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर यादी काढा. एकदम सगळं मागू नको, मिळणार नाही. माझं ऐकशील तर पहिल्यांदा फोन माग, कारण मैत्रिणींशी मोकळं बोलता येणं हा तुझ्या उपचाराचाच भाग आहे आणि बाबांनी वाचलेल्या चॅटवर कोणी मोकळं बोलत नाही. त्याच्या बदल्यात तू काहीतरी दे: वाईट दिवस असेल तर कोणाला, कोणत्या शब्दात सांगशील. लांबलचक बोलायची ताकद तेव्हा नसते, म्हणून आधीच एक साधा कोड ठरवून ठेवा, "आज रेड आहे" इतकं चालेल, आणि तो आला की प्रश्न न विचारता कोणीतरी येऊन बसायचं. ग्रीन दिवशी कोणी येऊन बसायचं नाही, हेही त्यात लिहा. महिनाभर हे नीट चाललं की मग कडी. हल्ली बाहेरूनही उघडता येते अशी कडी मिळते हार्डवेअरच्या दुकानात, आईला तेवढ्यावर झोप लागत असेल तर ती बसवा, पण आतून लावायचा हक्क तुझा.

आणि तू चिडलीस की "परत तसंच" म्हणतात ना, ते वाक्यही त्या खोलीत डॉक्टरांसमोर बोलून दाखव. नुसतं चिडणं कुठलं आणि धोका कुठला हे वेगळं करून सांगणं डॉक्टरांचं काम आहे, तुझं नाही. तुझ्या "बऱ्याच दिवशी" मध्ये न बसणारे जे दिवस आहेत त्यांच्याबद्दल मात्र तू अजून कोणाला बोलली आहेस असं पत्रातून वाटलं नाही. त्यांचं याच व्हिजिटला सांग. आधीच नको झालं तर १४४१६. मलाही लिही, फोन परत मिळाला की नाही ते कळव.